चार बोटं वर

केस होता. एकच, लांब. वरच्या कपाटाच्या बुडाला, जिथं दोन फळ्या कोपऱ्यात मिळतात आणि सुतारानं त्यावर ॲल्युमिनियमची कड ठोकलेली, तिथल्या फटीत तो अडकला होता आणि मोबाइलच्या बॅटरीच्या झोतात हलत होता. वारा नाही, पंखा नाही, लाईन सकाळपासून गेलेली, तरी हलत होता. राजकुमारनं श्वास रोखला तसा केस थांबला. सोडला, की पुन्हा डुलायला लागला. म्हणजे आपल्याच श्वासानं... आणि केसाच्या मुळाशी मुगाच्या दाण्याएवढा एक काळपट डाग. मसाल्याचा असेल. फोडणी उडते. फोडणी कुठंही उडते, कपाटाच्या बुडाला का उडू नये? त्यानं नखानं डाग खरवडला, केस ओढला. अर्धा तुटून हातात आला, अर्धा आतच राहिला. घ्या! एक केस काढायला निघाला माणूस आणि तोही धड निघू नये. या घरात साली एक गोष्ट सरळ होत नाही.

एवढा थोरला गडी, जानेफळात कृषी केंद्र चालवणारा, रस्त्यानं निघाला की चार माणसं ‘राम राम राजूभाऊ’ करतात असा, तो आज शेगडी बाजूला सारून बायकोच्या ओट्यावर मांडी घालून बसला होता, मान वाकडी, डोकं कपाटाखाली. चढतानाच तो कोपरा टाळूला निसटता लागला होता आणि तोंडून ‘आई गं’ निघालं होतं, तर त्याची आई, सुभद्राबाई, ओसरीवरून धावत आली. ‘‘लागलं काय रे बापा? पाहू दे. हयद आनू का?’’ काही लागलं नव्हतं. पण म्हातारीनं टाळूवर फुंकर घातली, ओट्याला शिवी दिली, आणि परत जाऊन आपल्या वाती वळत बसली.

तर लाईट. कपाटाखाली एलईडीची पट्टी लावायची होती, आणि ती संध्याकाळच्या आत लागायलाच हवी होती, कारण संध्याकाळी हर्षल येणार होता — बायकोचा, पुष्पांजलीचा धाकटा भाऊ, वडनेर भोलजीहून. फोनवर पोरगं एवढंच बोललं, ‘‘दाजी, ताईले पाहायले येऊन राह्यलो.’’ पाहायला! आजवर भेटायला यायचा, राखीला यायचा, आंब्याची पेटी घेऊन यायचा. या खेपेला पाहायला. मग पाहा की. काय पाहणार? तिच्या डाव्या भुवईच्या वर पट्टी आहे, डोळ्याखालचं जांभळं होतं ते आता पिवळं पडत चाललंय, आठवड्यात दिसायचंही नाही. पण असा पाहायला येणारा माणूस नुसतं कपाळ पाहत नसतो, तो कारण पाहतो. आणि कारण तयार होतं.

कारण आईनं दिलं होतं. मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टरनं टाके घालता घालता विचारलं, कशानं लागलं. आणि म्हातारी पदर सावरून, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, ‘‘अंधारात कपाटाचा कोपरा लागला हो. वट्ट्यावर काही दिसतच नाही तिले.’’ डॉक्टरनं मान हलवली. पुष्पांजली छताकडे पाहत पडून राहिली, हो नाही की नाही नाही. झालं! तिथून ते वाक्य घरी आलं, ओसरीवर बसलं, गल्लीत फिरलं, आणि आठ घरं फिरून आलं तेव्हा खुद्द राजकुमारलाही खरं वाटायला लागलं होतं. अंधारच असतो तिथं. लागू शकतं कोणालाही. मग आईच म्हणाली, ‘‘आता लाईट लावून टाक. अंधार होता म्हनून लागलं, आता उजेड केला. कोनाले बोलायले जागा नको.’’ काय डोकं आहे म्हातारीचं! पाहणारा म्हणेल, बायकोची काळजी घेतो बिचारा, स्वतः ओट्यावर चढून लाईट लावतो. कोण चढतं?

पण कामाला बसला आणि काम काही सुचेना. तो केस. अर्धा आतच.

त्यानं मान फिरवली आणि मिक्सरच्या बोर्डाकडे वळला. बोर्ड उघडून ठेवला होता, स्क्रू एका वाटीत. प्लगच्या फेजवरून थेट वायर काढायची — बटण नंतर आणून बसवू — ती कपाटाच्या मागून वर घ्यायची, दुसरं टोक सोलून पट्टीच्या अडॅप्टरला जोडायचं; न्यूट्रलची काळी आधीच जोडून झाली होती. पोरखेळ. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर तो चिखलात उभा राहून जोडतो. आणि बुधवार होता. बुधवारी देखभालीसाठी दिवसभर लाईन जाते आणि चारला येते, आणि त्या दिवशी गावात ज्याला त्याला विजेची कामं आठवतात. कोणी कूलरची वायर बदलतो, कोणी पंखा उतरवतो, कोणी शिडीवर चढून नवा बोर्ड ठोकतो. मेन बंद करायच्या भानगडीत कोणी पडत नाही. मेन बंद करून काम करणारा गडी म्हणजे घाबरट, छत्री घेऊन आंघोळ करणारा. सकाळी पुष्पांजलीनं डबे खाली काढता काढता विचारलं होतं, ‘‘मेन बंद करू का?’’ आणि तो खेकसला होता, ‘‘लाईनच नाही तं मेन कायले? अक्कल पाजळू नको इथं.’’ तिनं उरलेले डबे काढले. तीन खोल्यांच्या घरात मेनचा बोर्ड दारापाशी, ओसरीच्या भिंतीला. स्वयंपाकघरातून दिसत नाही.

त्यानं फेजच्या स्क्रूखाली वायर दाबली, पिळली, घट्ट केली. तो उडालेला दात जिभेला लागला.

दात... त्या दातापासूनच सगळं. साखरखेर्ड्याच्या बाजारातून तो त्या दिवशी घरी आला तेव्हा तोंडावर हसू वाळलेलं होतं. हो, हसू! एका गिऱ्हाइकानं, कालच्या पोरानं, बियाणं उगवलं नाही म्हणून भर बाजारात त्याची कॉलर धरली होती — भेळवाल्यापासून बैलवाल्यापर्यंत सगळे पाहत होते — आणि आपण काय केलं? हसलो. ‘‘पाहू ना भाऊ, कंपनीले कळवू.’’ त्याचा हात कॉलरवर, आणि आपण त्याला भाऊ म्हणतोय. तिथंच एक ठेवून दिली असती... पण दुकान आहे, धंदा आहे, धंद्याला गोड जीभ लागते. ते गोड तोंड घेऊन तो गाडीवर बसला, ते गोड तोंड घेऊन घरी आला, हात धुतले, ताटावर बसला, पहिला घास तोंडात — आणि कड्‌! वरणात खडा. दाताचा कोपराच उडाला. जिभेवर रक्ताची चव आली.

‘‘डोये फुटले काय व तुये?’’

ती ओट्याशी भाकर थापत होती. पाठमोरी. आणि वळलीही नाही, तशीच म्हणाली — तेच तर, वळून म्हणाली असती, रडून म्हणाली असती, चुकलं म्हणाली असती, तर दोन थपडांत मिटलं असतं — तशीच पाठमोरी म्हणाली, ‘‘फुटले नाही. दिसत नाही इथं. ट्यूबलाईट पाठीमागं हाये, डाळ निवडाले घेतली का माह्यीच सावली पडते तिच्यावर. कवाची सांगून राह्यली, लाईट लावा म्हनून.’’

खरं होतं. तेच तर झोंबलं! स्वयंपाकघर नवं केलं तेव्हापासून सांगत होती. सुतारही म्हणाला होता, भाऊ, कपाटाखालून पट्टी टाकून घ्या, आणि हा म्हणाला होता, कायले, लग्नाचा हॉल हाये का? सगळं जग आज मला माझी चूक दाखवायला निघालंय. तो कालचा पोरगा, ही भाकर थापणारी. तिकडे हसलो. इथंही हसू का?

पुढचं त्याला आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण तुकड्यांत, आणि तुकडे तो आपल्या सोयीनं लावतो. ताट सरकल्याचा आवाज. ती ज्या पाटावर उभी राहून भाकर थापते तो पाट — लाथ बसली तसा फ्रिजवर जाऊन आदळला. मग मुठीत केस. केस बोटांत कसे येतात ते हाताला माहीत असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. मग आवाज, नारळावर पहिला घाव बसतो तसा, बद्द, फुटत नाही आणि तरी कळतं की आत काहीतरी हललं. आणि बाहेरून आईचा आवाज: ‘‘हळू रे. शेजारी आयकतीन.’’ तव्यावरची भाकर करपली. तिचा वास दोन दिवस गेला नाही. त्या रात्री त्याचा उजवा खांदा दुखत होता, आणि त्यानं खतांच्या गोण्यांना दोष दिला होता.

ठीक आहे. झालं ते झालं. कोणत्या घरात होत नाही? दात आणि ओठ आपलेच. मी काय पिऊन येतो? बाहेर तोंड घालतो? दवाखान्यात मीच नेलं ना, मोटारसायकल किती जपून चालवली, खड्डे चुकवत... आणि आता लाईटही लावून देतोय.

‘‘अवं, इकडं ये,’’ त्यानं हाक मारली. ‘‘पट्टी धर.’’

पुष्पांजली आली. पदर खोचलेला, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. तिनं चपला दाराशी काढल्या — स्वयंपाकघरात ती चपलेनं येत नाही, कितीही काही होवो — आणि ओट्याला टेकून उभी राहिली, हात वर केले, पट्टीचं टोक कपाटाच्या बुडाला दाबून धरलं. हात पुरेना तशी टाचा उचलल्या. त्यानं बॅटरी तिच्यावर वळवली, पट्टी सरळ आहे का पाहायला. आणि दिसली ती भलतीच गोष्ट.

कोपरा वर होता.

ती टाचा उचलून उभी होती, तरी. भुवईवरची पट्टी, तिच्या वर कपाळ, कपाळाच्या वर भांग, आणि भांगाच्याही वर — बोटं घालून पाहिली असती तर चार बोटं — ती ॲल्युमिनियमची कड. स्वयंपाकघर करताना सुतारानं विचारलं होतं, वहिनीच्या हातानं घेऊ का उंची? आणि तो म्हणाला होता, घर माह्यं हाये, माह्या उंचीनं घे. म्हणून तिला पाट लागतो. पाटाशिवाय तिचं डोकं त्या कोपऱ्याला लागूच शकत नाही. अंधारात नाही, उजेडात नाही, धावत येऊन धडकली तरी नाही. आणि पाट तर...

खांदा का दुखत होता ते त्याला आता कळलं. ढकलून खांदा दुखत नाही. उचलून दुखतो.

हर्षल येणार. हर्षल ओट्यापाशी उभा राहणार, आणि आपण मोठ्या तोऱ्यात लाईट दाखवणार, आणि हा पांढराफक उजेड नेमका त्या कोपऱ्यावर पडणार, खाली त्याची ताई उभी असणार, आणि मधे चार बोटं. हातच्या काकणाला आरसा कशाला! अंधार होता तोवर बरं होतं. कशाला बुद्धी झाली मला? या म्हातारीला तरी कसं कळलं नाही? अर्थात तिला कसं कळणार, ती ओसरीवर होती, ती ओसरीवरच असते.

थांब. पाट. पाटावर होती म्हणायचं. वरचा डबा काढत होती, पाटावर उभी होती, अंधार होता, लागला. बसतंय. सगळं बसतंय.

‘‘आयक,’’ तो म्हणाला, आवाज शक्य तितका साधा ठेवत. ‘‘हर्षलनं इचारलं तं सांगजो, पाटावर होती म्हनून. वरून डबा काढून राह्यली होती.’’

पट्टी धरलेले तिचे हात तसेच वर. ती त्याच्याकडे पाहत होती. ओट्यावर बसल्यामुळे दोघांची तोंडं समोरासमोर आली होती, आणि इतक्या जवळून त्यानं तिचं तोंड कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

‘‘पाट तं तुमीनच फेकला होता,’’ ती म्हणाली. ‘‘आधी.’’

तोच आवाज. पाठमोरा आवाज, आता समोरून. रागाचा नाही, रडका नाही, खडा निवडून बाजूला ठेवावा तसा. आणि त्याच्या हाताला पुन्हा ते झालं जे डोक्याला विचारून होत नाही: त्यानं तिचं मनगट पकडलं आणि पिरगाळलं, पिरगाळत खाली आणलं, ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटवर दाबलं. बांगडी कटकन तुटली, मग दुसरी. दुसऱ्या हातात पेचकस होता. पेचकसाचं टोक तिच्या मनगटाच्या निळ्या शिरेवर टेकलेलं त्यानं पाहिलं. आपण टेकवलं असं काही त्याला वाटलं नाही, टेकलेलं दिसलं. ‘‘जास्त बोलशीन,’’ तो म्हणाला, ‘‘तं हर्षलसमोर बोलाले तोंड राह्यनार नाही. समजलं?’’ दाबलं तर आत जाईल. मऊ असते ती जागा. शेळीचं कातडं सोलताना लहानपणी पाहिलं होतं, सुरुवात तिथूनच...

आणि ती हाताकडे पाहतच नव्हती. पेचकसाकडे पाहत नव्हती. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे होती, उघड्या बोर्डाकडे, तिथून निघून कपाटामागून वर गेलेल्या आणि त्याच्या मांडीवर टोक टाकून पडलेल्या त्या लाल वायरकडे.

त्यानं हात सोडला. मनगटावर रक्ताचा बारीक थेंब आला होता, काचेचा की पेचकसाचा कोण जाणे. ‘‘जाय. जाय भायेर.’’

ती गेली नाही. म्हणजे गेली, पण दारापर्यंत. चपला पायात सरकवल्याचा आवाज आला, पण पुढं पावलं ऐकू आली नाहीत. उभी असेल. राहू दे उभी. किती वाजले? मोबाइल बॅटरीपायी तापला होता. तीन वाजून गेले असतील, आटपायला हवं. वायर सोलायची, जोडायची, टेप मारायची, संपलं. आणि उजेड लागला तरी तिला ओट्याजवळ उभीच राहू द्यायचं नाही, आईला सांगायचं, हर्षलला ओसरीवरच बसव, चहा तिथंच... किंवा पट्टी लावायचीच नाही? पण आई गल्लीभर सांगून बसली, आज लाईट लागतो म्हणून. खाई त्याला खवखवे, आणि लोक हुशार असतात, न लावलेल्या लाईटचंही कारण विचारतात.

त्यानं वायरचं टोक उचललं, आणि सोलायला दातात धरलं. शेतात वायर सोलणारा पकड शोधत बसत नाही. ओठ वर, दात खाली, जीभ मागे, हातानं ओढायचं. उडालेल्या दाताच्या धारेनं प्लास्टिक झकास चिरलं, म्हटलं, त्या खड्याचा एवढा तरी उपयोग. तांब्याचे तंतू जिभेच्या टोकाला लागले, खारट, गार. दाराशी पावलं वाजली. चालत गेली ओसरीकडे, घाईत नाही. मग काही नाही.

मग समोरच्या गुलाबरावांची पिठाची गिरणी सुरू झाली.

आधी पट्ट्याचा तो सुस्कारा, मग घरघर, मग वेग धरलेला तो नेहमीचा आवाज, ज्यानं इकडची भांडी फळीवर बारीक थरथरतात. दळण टाकायला आलेल्या कोण्या बाईचं मोठ्यानं हसणं. राजकुमारच्या दातात वायर होती, आणि गिरणी चालू होती, आणि या दोन गोष्टी एकमेकींजवळ यायला त्याच्या डोक्याला किती वेळ लागला ते त्याला सांगता आलं नसतं.

लाईन आली होती.

त्यानं वायर थुंकली. थुंकली, साप तोंडात आल्यासारखी, आणि मागे सरकला तर पाठ शेगडीवर, पाय मांडीतच मुंग्या येऊन मेलेले, डोकं वर करावं तर कपाट. वायरचं टोक त्यानं चिमटीत धरून अंगापासून दूर, हवेत धरलं होतं आणि तो त्याकडे पाहत होता. काही झालं नाही. तोंडात होतं, ओलं, जिभेला लागलेलं, आणि काही झालं नाही! मी जिवंत आहे. काऊन जिवंत आहे? फ्रिज गप्प होता. फ्रिज लाईन येताच आचका देऊन सुरू होतो. पंखा गप्प. देवघरातला लाल दिवा बंद.

‘‘लाईन आली काय?’’ त्यानं ओरडून विचारलं. ओरडून विचारायचं होतं. आवाज अर्ध्यातच बसला.

‘‘हाव,’’ ओसरीवरून पुष्पांजली म्हणाली. ‘‘आली.’’

‘‘मंग घरात काऊन नाही?’’

‘‘मेन बंद हाये.’’

‘‘कोनं केला?’’

‘‘म्या.’’

गिरणी घरघरत होती. पुढचा प्रश्न त्याच्या तोंडाशी आला आणि तिथंच अडला, कारण त्याचं उत्तर त्याला ऐकायचं होतं आणि ऐकायचं नव्हतं. तरी तो निघालाच. ‘‘कवा?’’

‘‘आताच. तुमी वायर तोंडात धरली तवा.’’

तेव्हा. सकाळी नाही, जेव्हा विचारून गप्प बसली. वायर बोर्डात दाबली तेव्हा नाही. बांगड्या फुटल्यावर ती दाराशी उभी राहिली तेव्हाही नाही. ती उभी होती आणि पाहत होती, तिनं मला वायर उचलताना पाहिलं, दातात धरताना पाहिलं, आणि मग चालत गेली — पावलं आठवतात मला, घाईची नव्हती. तेवढ्या चालण्यात ती काय विचार करत होती? दारापासून बोर्डापर्यंत किती आहे अंतर, आठ पावलं? दहा? तिथं हात वर करायच्या आधी थांबली का? तिला पाट लागतो त्या बोर्डाला की हात पुरतो? कशाला बंद केला तिनं? दया आली? की हर्षल येतोय म्हणून? की अजून वेळ आहे म्हणून?

आधी जो आला तो राग. असा आला की कानात गिरणी ऐकू येईना. हिनं मला वाचवलं! हिनं! आता ही जन्मभर हे डोक्यावर घेऊन फिरणार, पाठमोरी भाकर थापत म्हणणार, तवा मेन बंद केला होता म्हनून. जाऊन तिचा हात धरावा, तोच, बोर्डावर गेला तो, दाराच्या चौकटीत घालून दार लावावं... पण जायचं कसं? पाय नाहीत. खाली उतरायचं तर हात टेकायला हवेत, आणि हातात वायर. सोडली तर मांडीवर पडेल. त्याला नुसतं ‘‘थांब, मी आलो’’ म्हणायचं होतं, जसं तो नेहमी म्हणायचा आणि ती पांढरी पडायची. पण ती बोर्डाशी उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या. कमी बांगड्यांचा आवाज वेगळा असतो, हे त्याला नवीनच कळत होतं.

‘‘लावू का?’’ तिनं विचारलं.

भाकर वाढू का, गिझर लावू का, तसं. राजकुमारनं कान टवकारले. त्या दोन शब्दांत राग आहे का, हसू आहे, की खरोखरच विचारतेय? लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तिचा आवाज कसा असला म्हणजे काय असतं, हे त्याला माहीत नव्हतं. माहीत असायची वेळच कधी आली नव्हती. तिला माझा सगळा माहीत आहे. गाडी कशी थांबली त्यावरून कळतं तिला, चपला कशा काढल्या त्यावरून कळतं, मी आत येईपर्यंत तिनं पाण्याचा तांब्या हातात घेतलेला असतो किंवा ती मोरीत गेलेली असते. मी हसायचो त्याला. आईला सांगायचो, ‘‘पाह्य कशी उंदरावानी पयते.’’

बाहेर मोटारसायकल थांबली. तो वेळेआधी आला होता.

‘‘ताई!’’ हर्षलचा आवाज. मग दाराची कडी, मग बराच वेळ काहीच नाही. पाहत असेल. कपाळ पाहत असेल, मनगट पाहत असेल. मग सुभद्राबाईचं ‘‘ये बापा, ये, कोपरा लागला रे तिले अंधारात...’’ आणि त्यावर हर्षल: ‘‘दाजी कुठी हायेत?’’

‘‘आतमधी. वट्ट्यावर,’’ पुष्पांजली म्हणाली. ‘‘लाईट लावून राह्यले.’’

‘‘मंग अंधार काऊन?’’

‘‘ते म्हनतीन तवा लावते.’’

ओट्यावर, कपाटाखाली, राजकुमारनं वायरचे तंतू अडॅप्टरच्या भोकात घालायचा प्रयत्न केला. ते घुसेनात, पसरले, त्यानं बोटांनी पिळले, परत पसरले. घाम डोळ्यात उतरत होता. वर, डोळ्यापुढेच, त्या फटीत अर्धा केस. आता तो जोरात हलत होता, कारण श्वास जोरात येत होता, आणि राजकुमारला तो रोखता येईना. लाव म्हटलं तर? तंतू बोटांत आहेत. नको म्हटलं तर? हर्षल आत येईल, बॅटरी हातात घेईल, वर पाहील, खाली पाहील. आवाज न करता वायर खाली ठेवता येईल का? कुठं? ग्रॅनाइट घामानं ओलं आहे.

‘‘लावू का, वो?’’

या वेळी जवळून आला तो आवाज, की जवळून वाटला? हात बोर्डावर ठेवूनच विचारते आहे ना? की बोट आधीच वर निघालं? एक बांगडी वाजली. राजकुमारनं श्वास धरला, डोळे मिटले, मान खाली घातली — खांद्यात, आखडून, जशी ती घालते तशी — आणि म्हणाला, ‘‘थांब.’’ ते फार मोठ्यानं झालं असं वाटून, तिला राग येईल असं वाटून, तो हळूच पुढं म्हणाला, ‘‘थांब ना जरा, पुष्पा.’’

ती थांबली की नाही ते त्याला कळत नव्हतं, आणि तो कान देऊन बसला.